खोकताना दुखतं का?

बोटावर फोड दिसतो, पण भाजलं कधी ते आठवत नाही. पोळी उलटताना तव्याचा चटका बसून गेलेला असतो. त्याच बोटांना साडीचा पोत मात्र नीट कळतो. अशी तक्रार घेऊन सहसा कुणी दवाखान्यात जात नाही. ‘हिचं कामात लक्ष नसतं’ म्हणून घरातच विषय मिटतो.

त्या फोडामागे जन्मापासूनचा दोष असू शकतो, कियारी मालफॉर्मेशन. यात लहान मेंदूची खालची टोकं कवटीच्या तळाच्या छिद्रातून मानेत उतरतात. मेंदूभोवतीच्या पाण्याची वाट अडते आणि काहींच्या मज्जारज्जूत पाण्याची पोकळी तयार होते. वेदनेचे आणि उष्णतेचे तंतू नेमके तिथूनच पलीकडे जातात, म्हणून आधी त्यांना फटका बसतो. स्पर्श बराच काळ शाबूत राहतो.

बहुतेकदा त्याआधी डोकं बोलू लागतं. खोकलं, शिंकलं, कुंथलं, अगदी खळखळून हसलं तरी डोक्याच्या मागे सणक उठते आणि काही सेकंदांत किंवा मिनिटांत ओसरते. अर्धशिशी मात्र तासन्‌तास मुक्काम ठोकते. पण आपल्याकडे डोकेदुखीची वाटणी पित्त, चष्म्याचा नंबर आणि ‘मणक्यात गॅप’ यांच्यातच झालेली! मानेला पट्टा बांधण्याआधी ‘खोकताना दुखतं का?’ एवढं विचारायला अर्धं मिनिटही लागत नाही. उत्तर ‘हो’ आलं, तर एक्स-रेवर भागत नाही. मेंदूचा आणि मानेचा एमआरआय हवा.

लहान बाळांत खुणा वेगळ्या: गिळताना ठसका, क्षीण रडणं, झोपेत थांबणारा श्वास.

उलट टोकाची घाईही नको. प्रागमध्ये हान्स कियारी यांनी 1891 मध्ये हा दोष मांडला, तेव्हा त्यांनी वर्णिलेली पहिली रुग्ण टायफॉइडनं गेलेली 17 वर्षांची मुलगी होती. तिला या दोषाचा काहीच त्रास नव्हता. आजही दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या एमआरआयमध्ये ‘टोकं 5 मिलिमीटर खाली’ असं वाचून घरं हादरतात. त्रास नसेल तर बहुधा नुसती नजर ठेवतात.

त्रास असेल तर कवटीच्या मागचं थोडं हाड काढून जागा करतात. मुंबईच्या केईएम रुग्णालयात असताना डॉ. अतुल गोयल यांनी मूळ दोष मानेच्या पहिल्या दोन मणक्यांच्या अस्थिरतेत आहे असं मांडून ते स्क्रूनं जोडण्याचा मार्ग धरला. तो अनेक न्यूरोसर्जनना मान्य नाही. शस्त्रक्रियेनंतर खोकल्याची सणक बहुधा थांबते. बोटांची हरपलेली जाणीव परतेलच असं नाही. उशीर झाला असेल तर तव्यापाशी सांडशी आणि डोळ्यांत तेल, एवढाच आधार उरतो.