मापात पाप

‘तुमची फिगर पेअर की ॲपल?’ छाप सल्ले वाचले की वैताग येतो. माणसाचं अंग म्हणजे काय फळांची हातगाडी आहे? अहो, दोष अंगाचा नाही, मापाचा आहे. आपल्याकडच्या रेडिमेडची मापं बरीचशी इंग्लंड-अमेरिकेच्या तक्त्यांवरून उचललेली. म्हणून तर निफ्टला ६ शहरांत २५ हजार लोकांना थ्री-डी स्कॅनरने मोजायचा ‘इंडियासाइज’ प्रकल्प हाती घ्यावा लागला.

बेताचा कपडा ही नुसती हौस नाही, हे महाड एमआयडीसीतल्या कामगाराला विचारा. चालत्या यंत्राला वंगण घालणाऱ्याला अंगाबरोबरचे कपडे मालकानेच द्यायचे, असं १९४८च्या कारखाने कायद्यात, कलम २२ मध्ये चक्क लिहिलं होतं. ढगळ बाही पट्ट्यात अडकली की हात गेलाच!

ऑफिसात हात जात नाही, फक्त रुबाब जातो. तेव्हा लेबलवरचा आकडा सोडा, खांद्याची शिवण हाडावर बसते का तेवढं बघा. कंबर नि बाही कोपऱ्यावरचा टेलर आत घेऊन देतो; खांदा उसवायचा म्हटलं की तोही कपाळाला हात लावतो. आणि पोटावर बटणं ताणत असतील? मग सरळ कापड घ्या आणि शिवून घ्या. पोट लपवत बसण्यापेक्षा ते बरं.