घरातील कॅमेरा आणि कायद्याचा उंबरठा

दारावरची घंटा वाजते आणि कार्यालयात बसलेल्या गृहिणीच्या मोबाईलवर दाराबाहेर उभ्या असलेल्या व्यक्तीचे चित्र उमटते. दिवाणखान्यातील पंखा, शयनगृहातील दिवा आणि दाराचे कुलूपही इंटरनेटने जोडता येते. एकेकाळी श्रीमंतांची हौस मानली गेलेली ही 'स्मार्ट' उपकरणे आता शहरी मध्यमवर्गाच्या घरांत रुळू लागली आहेत. त्यांच्या सोयीविषयी बरेच बोलले जाते. मात्र या घरांत राहणाऱ्यांच्या आणि तेथे कामासाठी येणाऱ्यांच्या हक्कांविषयी त्या मानाने फारच कमी बोलले जाते.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ सदस्यीय घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. त्यानंतर दोनच महिन्यांत 'ॲमेझॉन'ने आपला बोलका स्पीकर भारतात आणला. एप्रिल २०१८ मध्ये 'गूगल'चा स्पीकर आला, तर सप्टेंबर २०१९ पासून 'अलेक्सा' हिंदीतही बोलू लागली. हक्क आणि यंत्र असे जवळजवळ एकाच वेळी घरात आले. परंतु दोघांची गती सारखी राहिली नाही.

बचत आणि धास्ती

भारतीय ग्राहक केवळ नावीन्यासाठी पैसे मोजतो, असे नाही. पंख्याचे उदाहरण बोलके आहे. जुन्या पद्धतीचा छताचा पंखा सुमारे ७५ वॅट वीज खातो, तर नव्या बीएलडीसी मोटारीच्या पंख्याला ३० वॅटच्या आसपास वीज पुरते. रोज १२ तास पंखा चालला, तर महिन्याला सुमारे १६ युनिटांची बचत होते. यातील काही पंखे मोबाईलवरूनही चालतात. पण खरेदीचे मूळ कारण विजेचे बिल हेच असते. कॅमेऱ्यामागील कारण वेगळे आहे. पती-पत्नी दोघेही नोकरीला, घरी वृद्ध आई-वडील किंवा लहान मूल आणि त्यांच्या देखभालीसाठी ठेवलेली बाई, अशा कुटुंबांत कॅमेरा हा धास्तीवरचा उपाय ठरतो.

तथापि, या उपायातूनच नवी धास्ती निर्माण होऊ शकते. २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या घातक प्रणालीने जगभरातील असंख्य कॅमेरे व राउटर ताब्यात घेतले. मालकांनी कारखान्यातून आलेले पासवर्ड बदललेच नव्हते. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये याच उपकरणांच्या साहाय्याने झालेल्या हल्ल्यामुळे 'ट्विटर', 'नेटफ्लिक्स' यांसारखी संकेतस्थळे अमेरिकेत काही तास विस्कळीत झाली. २०२३ मध्ये कर्मचाऱ्यांना ग्राहकांची खासगी चित्रणे पाहता येत होती, या आरोपावरून अमेरिकेच्या व्यापार आयोगाने 'रिंग' कंपनीविरुद्ध कारवाई केली. हे प्रकरण ५८ लाख डॉलर भरून मिटविण्यात आले. भारतात सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षाविषयक चाचण्या बंधनकारक करणारा नियम एप्रिल २०२५ पासून लागू झाला.

कायद्यातील पळवाट?

ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झालेल्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यातील प्रमुख तरतुदींच्या अंमलबजावणीसाठी १८ महिन्यांची मुदत ठेवण्यात आली. कॅमेऱ्यातील चित्रण आपल्या सर्व्हरवर साठवणारी कंपनी या कायद्याच्या कक्षेत येते. मात्र व्यक्तीने स्वतःच्या वैयक्तिक वा घरगुती कारणासाठी केलेला विदेचा वापर कायद्यातून वगळण्यात आला आहे. घरमालकाने प्रत्येक चित्रणासाठी परवानगी घेत बसावे, हे व्यवहार्य नाही. त्या दृष्टीने ही सवलत समजण्याजोगी आहे. परंतु तिचा भार कोणावर पडतो, हेही पाहिले पाहिजे. दिवसभर कॅमेऱ्यासमोर वावरणाऱ्या मोलकरणीला ते चित्रण पाहण्याचा वा पुसून टाकण्यास सांगण्याचा हक्क घरमालकाविरुद्ध या कायद्याने मिळत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ई नुसार संमतीविना शरीराच्या खासगी भागांचे चित्रण केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण ही तरतूद टोकाच्या प्रसंगांसाठी आहे, रोजच्या पाळतीसाठी नाही.

घरमालकही सर्वस्वी सुरक्षित नाही. उपकरण त्याच्या मालकीचे असले, तरी ते चालविणारा सर्व्हर कंपनीचा असतो. 'गूगल'च्या समूहातील 'नेस्ट'ने विकत घेतलेल्या 'रिव्हॉल्व्ह' कंपनीची सेवा मे २०१६ मध्ये बंद झाली आणि ग्राहकांची सुस्थितीतील उपकरणे एका दिवसात निरुपयोगी ठरली.

त्यामुळे किंमत आणि हमीपत्राबरोबरच उपकरणाला किती वर्षे सुरक्षा सुधारणा मिळतील आणि इंटरनेट नसताना ते चालेल काय, हे वेष्टनावर छापणे बंधनकारक होणे आवश्यक आहे. तोवर ग्राहकाच्या हाती दोन गोष्टी आहेत. पहिल्याच दिवशी पासवर्ड बदलणे, ही एक. घरात कॅमेरा कोठे आहे, हे कामाला येणाऱ्या व्यक्तीला स्पष्टपणे सांगणे, ही दुसरी. पहिल्या गोष्टीने घर सुरक्षित होते. दुसरीने घरातील विश्वास टिकतो. कायदा जेथे उंबरठ्याबाहेर थांबतो, तेथे हा विश्वास जपण्याची जबाबदारी घरमालकावरच येते.