पाऊस आला की टीव्ही का जातो?

परवा संध्याकाळची गोष्ट. बाहेर धो धो पाऊस. आत सासूबाईंची मालिका ऐन रंगात आलेली, सुनेच्या हाती नेमकं ते पत्र लागलेलं, आणि टीव्हीवरचं चित्र आधी चौकडी-चौकडी झालं, मग गेलंच. पडद्यावर 'सिग्नल उपलब्ध नाही'. सासूबाईंनी नेहमीप्रमाणे डिशवाल्याचा उद्धार केला, मी भाजी ढवळायला आत वळले. माझी भाची चार दिवस राहायला आली होती. यंदा बारावीला आहे. ती म्हणाली, ''आत्या, पावसात हे का जातं गं? केबलवाल्याची मोठी छत्री होती तेव्हा असं व्हायचं नाही, असं आजी म्हणतात.''

मला काही सांगता येईना. खरं सांगू? दर पावसाळ्यात टीव्ही जातो, पण 'का' असं मी कधी विचारलंच नव्हतं.

उत्तर तिनंच शोधलं आणि रात्री मला गच्चीच्या जिन्यात बसवून समजावलं. गावातल्या सगळ्या डिशचं तोंड एकाच बाजूला असतं, दक्षिणेकडे, जरासं पूर्वेला कललेलं. (घराचं दार दक्षिणेला नको म्हणून वाद घालणारे आपण, टीव्हीला मात्र दक्षिणच लागते!) कारण उपग्रह असतो विषुववृत्तावर, सुमारे ३६ हजार किलोमीटर उंच. पृथ्वीच्याच गतीनं फिरतो म्हणून एका जागी थांबल्यासारखा वाटतो. आपल्या छोट्या डिशवर येणाऱ्या लहरी जेमतेम अडीच सेंटिमीटर लांबीच्या. पावसाचे टपोरे थेंब त्यांना शोषून घेतात, इकडेतिकडे उधळून लावतात. केबलवाल्याच्या मोठ्या छत्रीकडच्या लहरी सात-आठ सेंटिमीटरच्या, त्यांना पावसाचं फारसं सोयरसुतक नसतं. सासूबाईंचं निरीक्षण अगदी बरोबर होतं म्हणायचं.

आता उपग्रहावरून वेगवान इंटरनेट द्यायचं तर याहून आखूड लहरी लागतात, म्हणजे पावसाचा त्रास आणखी जास्त. म्हणून इस्रोनं जानेवारी २०१४ मध्ये सोडलेल्या 'जीसॅट-१४' या उपग्रहावर अशा लहरी सतत पाठवणारी दोन उपकरणं बसवली होती. आपल्या ढगांतून, पावसातून येताना त्या किती क्षीण होतात ते मोजायला. थंड देशांतला पाऊस वेगळा, आपला मुसळधार वेगळा. तो आपल्यालाच मोजावा लागणार. आपल्या ओट्यावरून पडलेल्या प्रश्नावर तिकडे इंजिनिअर लोक संशोधन करतात, हे ऐकून मला गंमत वाटली.

''मला हेच शिकायचंय,'' भाची म्हणाली. तिरुवनंतपुरमजवळ वलियमलाला सरकारच्या अंतराळ विभागाची एक संस्था आहे, २००७ साली सुरू झालेली. तिथे बी.टेक.ला एव्हिऑनिक्स नावाची शाखा आहे, इलेक्ट्रॉनिक्स आणि संदेशवहनाची. त्यासाठी जेईई ॲडव्हान्स्ड द्यावी लागते. म्हणजे अभ्यास आत्तापासून हवा, क्लासची फी आत्ताच भरायला हवी.

मी भावाला फोन केला. ''ताई, मुलीच्या जातीला एवढ्या लांब कोण पाठवतं? इथेच बी.एस्सी. करू दे, मग बी.एड.''

मास्तरकीला मी कमी लेखत नाही, मी स्वतः शिक्षिका आहे. पण लांबचं कारण मला पटत नाही. आमच्याच नात्यातली एक मुलगी लग्न होऊन अमेरिकेला गेली, तेव्हा याच भावानं पेढे वाटले होते. तेव्हा कुणी किलोमीटर मोजले नाहीत. लग्नासाठी सातासमुद्रापार चालतं, आणि शिकायला केरळ लांब?

दुसरं, 'हे आपल्यासारख्यांचं काम नाही' हे तर मुळीच खरं नाही. १९७५-७६ मध्ये अमेरिकेचा उपग्रह वर्षभर उसना घेऊन आपण २४०० खेड्यांत टीव्ही दाखवला. शेती, आरोग्य, मुलांची शाळा असे कार्यक्रम. त्यासाठी अहमदाबादच्या आपल्या इंजिनिअरांनी जी छत्री तयार केली, तिला जाळी होती कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली! स्वस्त, हलकी, खेड्यात दुरुस्त होणारी. ज्याला खेडं माहीत आहे त्यालाच असलं सुचणार. आणि २०११ च्या जुलैत 'जीसॅट-१२' गेला, तेव्हा प्रकल्प संचालक होत्या टी. के. अनुराधा. त्या मोहिमेतल्या इतर दोन प्रमुख जबाबदाऱ्याही बायकांकडेच होत्या. दूरशिक्षण आणि दूरवैद्यकीय सेवा, यासाठीचा उपग्रह होता तो.

प्रवेश मिळेलच असं नाही, हे भाचीलाही ठाऊक आहे. परीक्षा कठीणच आहे. नाही जमलं तर दुसऱ्या कॉलेजातून इलेक्ट्रॉनिक्स करून इस्रोच्या भरतीची परीक्षा देता येते. पण परीक्षेलाच बसू द्यायचं नाही, हे कुठलं?

रविवारी भाऊ तिला न्यायला येतोय. जेवायला थांबच म्हटलंय. वहिनीलाही आणायला सांगितलंय, कारण खरा निर्णय तिचाच असतो, हे मला माहीत आहे. फीचा अर्धा भार मी उचलेन असं आमच्या ह्यांच्याशी बोलून ठेवलंय. तेवढ्यात पाऊस आला आणि टीव्ही गेला तर बरंच, बोलायला निवांत वेळ मिळेल.