डोस छेदाआधीचा, सवय सात दिवसांची

आतड्याचं ऑपरेशन झालं की पाच-सात दिवस शिरेतून अँटिबायोटिक चालू ठेवायचं, म्हणजे टाक्यांत पू होत नाही, ही समजूत डॉक्टर आणि नातेवाईक दोघांच्याही अंगवळणी पडली आहे. ती चुकीची आहे. जखमेत जंतू शिरतात ते पोट उघडं असताना, आणि मोठ्या आतड्यात तर त्यांचा साठाच असतो. त्या वेळी औषध मांसापर्यंत पोचलेलं असेल तरच त्याचा उपयोग. बॉस्टनच्या जॉन बर्क यांनी १९६१ साली गिनिपिगांवरच्या प्रयोगांतून दाखवलं, की जंतू टोचल्यावर तीन तासांनी दिलेलं औषध न दिल्यासारखंच ठरतं. जागतिक आरोग्य संघटनेचा २०१६ चा सल्ला त्याला धरूनच आहे: डोस छेदापूर्वीच्या दोन तासांत द्या, ऑपरेशन संपल्यावर लांबवू नका. पुढच्या इंजेक्शनांनी वाढतात ते जुलाब, औषधांना न जुमानणारे जंतू आणि बिल.

यावर ठरलेलं उत्तर येतं: हे नियम तिकडच्या चकचकीत थिएटरांसाठी, आपल्या गर्दीच्या वॉर्डात औषधाचं कवच हवंच. पण वॉर्ड अस्वच्छ असेल तर उपाय स्वच्छतेचा हवा. भारतासह सात देशांतल्या ८१ रुग्णालयांत १३ हजारांवर रुग्णांचा अभ्यास झाला, तो २०२२ साली प्रसिद्ध झाला. पोट शिवायला घेण्याआधी सगळ्यांनी हातमोजे बदलायचे आणि नवी हत्यारं घ्यायची, एवढाच फरक. जखमेचा संसर्ग १८.९ वरून १६ टक्क्यांवर आला. आतडं जोडताना मळलेल्याच हातमोज्यांनी कातडी शिवायची आणि मग आठवडाभर इंजेक्शनं टोचायची, याला काय म्हणावं? रुग्णाला टेबलावर गार पडू न देणं हेही असंच कमी खर्चाचं: आतड्याच्या २०० रुग्णांवरच्या १९९६ च्या चाचणीत संसर्ग गार पडलेल्यांत १९ टक्के, तर उबदार ठेवलेल्यांत ६ टक्के होता. उलट, जंतुनाशक लावलेल्या महाग धाग्याचा फायदा २०२१ च्या मोठ्या चाचणीत दिसला नाही.

आतडं फुटून पोटात पू झाला असेल तर गोष्ट वेगळी. तिथे अँटिबायोटिक हा उपचार आहे. तरीही, पूचा उगम नीट बंद केला असेल तर चार दिवसांचं औषध आठ दिवसांइतकंच पुरतं, हे २०१५ च्या चाचणीत दिसलं आहे. ऑपरेशनाआधी आतडं साफ करून पोटातून अँटिबायोटिक द्यावं की नाही, हा वाद मात्र खरा आहे: जागतिक आरोग्य संघटना द्या म्हणते, फिनलंडच्या २०१९ च्या चाचणीत फायदा आढळला नाही. नियोजित ऑपरेशनाच्या आदल्या दिवशी नातेवाइकांनी इंजेक्शनं किती दिवस चालतील हे विचारण्यापेक्षा दोन गोष्टी विचाराव्यात: पहिला डोस छेदाआधी किती वेळ देणार, आणि पोट शिवताना हातमोजे बदलणार का?