पडद्यावरचा हिरवा डाग

रंगीत पडद्यावर डाग दिसला की घरातले आधी ओले फडके आणतात. पुसून जात नाही म्हटल्यावर शेजारचा कुणीतरी निकाल देऊन मोकळा होतो, ‘ट्यूब गेली!’ मग भंगारवाल्याला हाक जाते. जाड काचेचे जुने टीव्ही आता माझ्या दुकानात क्वचितच येतात. पण जे येतात, त्यांतल्या बऱ्याच ट्यूब ‘गेलेल्या’ नसतात. डाग कसला आहे हे कुणी नीट पाहिलेले नसते, एवढेच.

याच पावसाळ्यात शहापुरातल्या तात्यांच्या व्हिडिओ गेमच्या मशीनचे असे झाले. मशीन म्हणजे लाकडी कपाटाएवढे धूड. वर पडदा, पुढे दांडी आणि बटणे, खाली नाणे टाकायची फट. नव्वदच्या दशकात तात्या अशी तीन मशीन्स लावून पार्लर चालवत. ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ हा कॅपकॉम कंपनीचा १९९३ चा खेळ. त्याचे हे नाव आपल्याकडे कुणी घेतले नाही. त्यातल्या पिवळ्या टोपीवाल्या गड्यावरून सगळे त्याला ‘मुस्तफा’च म्हणत. एकेका रुपयाच्या नाण्यावर तात्यांनी दोन पोरांची शिक्षणे केली. पुढे दोन मशीन्स विकली, एक ठेवून घेतले.

घराची डागडुजी झाली तेव्हा ते पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत गेले. चालू केले तर उजवा वरचा कोपरा हिरवा आणि डावीकडे खाली गुलाबी झाक. आलेल्या मेकॅनिकने सांगितले, ट्यूब काढून टाका, आत एलसीडी पॅनेल बसवू. मुलाला पटलेही. तात्या मात्र म्हणाले, “पॅनेलच बघायचं तर मोबाईलवर खेळा की. हे धूड कशाला ठेवायचं?” मुलगा माझ्याकडे आला, “काका, तुम्ही एकदा बघून जावा. तुम्ही गेली म्हटलासा तर काढून टाकतो.”

प्रश्न हौसेपुरता नव्हता. अशी ट्यूब एकदा काढून भंगारात गेली की तिच्या मापाची नवी बाजारात मिळत नाही. म्हणून स्क्रू-ड्रायव्हर हातात घेण्याआधी डागाची जात ओळखायला हवी.

त्यासाठी आत काय चालते ते थोडक्यात सांगतो. ट्यूबच्या मानेत तीन गन असतात. लाल, हिरव्या आणि निळ्या रंगासाठी एकेक. काचेच्या आतल्या बाजूला याच तीन रंगांचे बारीक ठिपके किंवा पट्टे लावलेले असतात. त्यांच्या किंचित मागे बारीक भोकांचा पातळ पत्रा असतो, त्याला शॅडो मास्क म्हणतात. तिन्ही गनचे झोत एकाच भोकातून जातात, पण वेगवेगळ्या कोनांतून. त्यामुळे लाल गनचा झोत लाल ठिपक्यावरच पडतो. आरसीए या अमेरिकन कंपनीने अशी ट्यूब १९५० साली दाखवली. आपल्याकडे १९८२ साली दिल्लीच्या आशियाई स्पर्धांच्या वर्षी दूरदर्शन रंगीत झाले आणि मग ती घरोघर पोचली.

आता हा पत्रा पोलादी असतो. जवळ मोठा स्पीकर ठेवला, पोरांनी पडद्याला लोहचुंबक चिकटवले, की तो स्वतःच थोडा चुंबक होऊन बसतो. काही नाही केले तरी पृथ्वीचे चुंबकत्व आहेच. मशीन उत्तरेकडे तोंड करून ठेवले होते ते पूर्वेकडे फिरवले, एवढ्यानेही फरक पडतो. चुंबक झालेला पत्रा झोताला केसभर ढकलतो. लाल झोत शेजारच्या हिरव्या ठिपक्यावर पडला की त्या जागी हिरवट डाग दिसतो. गन चांगली, काच चांगली, ठिपकेही चांगले. बिघडतो तो फक्त नेम.

डाग ओळखायला बहुतेक मशीन्सच्या टेस्ट मेनूत रंगांचे पडदे असतात. पूर्ण लाल पडदा लावायचा आणि बघायचे. लाल रंग कुठे कुठे डागाळला, बाकी स्वच्छ राहिला, तर चुंबकत्वाचा संशय. सगळा पडदाच एका रंगाकडे झुकला, पांढऱ्याचे पिवळे किंवा आकाशी झाले, तर दोष एखाद्या गनमध्ये नाही तर मानेवरच्या बोर्डात. तिथला उकललेला डाग, म्हणजे सोल्डरिंग, पुष्कळदा कारण असते. अक्षरांच्या कडांना लाल-निळी किनार दिसली तर तिन्ही झोत जुळलेले नाहीत. आणि मशीन बंद असतानाही काचेवर अक्षरांची सावली दिसली तर ते ठिपके जळाले आहेत. त्याला औषध नाही.

तात्यांच्या मशीनचा लाल पडदा दोन कोपऱ्यांत डागाळला होता. भिंतीला लागून मुलाचा भला मोठा स्पीकर होता. तो आधी दुसऱ्या खोलीत नेला. डाग थोडा हलला, गेला नाही. मशीन अर्धवट फिरवून पाहिले, डागाची जागा बदलली. जळालेला डाग जागा बदलत नाही. ट्यूब जिवंत होती.

खरे तर हे चुंबकत्व काढायची सोय आतच असते. ट्यूबभोवती तारेचे एक वेटोळे बसवलेले असते. मशीन चालू करताच त्यातून जोराचा प्रवाह जातो, ‘धुम्म’ असा आवाज येतो, आणि प्रवाह झपाट्याने कमी होतो. तो कमी करणारा पीटीसी थर्मिस्टर हा छोटासा भाग तापला की अडवतो. तो खराब झाला की वेटोळे झोपते. तात्यांच्या मशीनचा ‘धुम्म’ कधीच बंद पडला होता. पार्लरमध्ये मशीन जागचे हलत नव्हते म्हणून कुणाला कळले नाही.

मी बाहेरून फिरवायची कॉईल नेली होती. तारेची मोठी कडी, २३० व्होल्टवर चालणारी. तिचे चुंबकत्व सेकंदाला पन्नास आवर्तने करत उलटसुलट होते. पडद्याजवळ ती गोल गोल फिरवायची, आणि तशीच फिरवत हळूहळू दोन-तीन मीटर मागे यायचे. पत्र्यातले चुंबकत्व इकडून तिकडे हेलकावत दर खेपेला कमी होते आणि विरते. लांब आल्यावर कॉईल पडद्याला आडवी करायची, मगच बटण सोडायचे. पडद्याजवळ असतानाच बटण सोडले तर आधीपेक्षा मोठा डाग पडतो. कॉईल फार वेळ चालूही ठेवायची नाही, तापते.

याला डीगाउसिंग म्हणतात. कार्ल फ्रेडरिक गाउस या जर्मन गणितज्ञाच्या नावावरून चुंबकत्वाचे एकक आले. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीच्या चुंबकी सुरुंगांपासून जहाजे वाचवण्यासाठी ब्रिटिश नौदलाने त्यांच्याभोवती तारांची वेटोळी घातली, तेव्हा हा शब्द निघाला.

दोन फेऱ्यांत तात्यांचा पडदा सारखा लाल झाला. मग हिरवा लावला, निळा लावला, दोन्ही स्वच्छ. थर्मिस्टर बदलला आणि ‘धुम्म’ परत आला. खाली ‘इन्सर्ट कॉईन’ची पुसट सावली मात्र तशीच राहिली. ती जाणार नाही, हे मी सांगितले. तात्या म्हणाले, “ऱ्हाऊ दे. ते नाण्यांनीच पडलंय.”

वाचकांपैकी कुणाकडे असा जुना पडदा असेल तर काही गोष्टी ध्यानात ठेवा. आधी स्पीकर आणि लोहचुंबक दूर करा. मशीन कायमच्या जागी ठेवून बंद करा, अर्धा तास थंड होऊ द्या आणि पुन्हा चालू करा. आतले वेटोळे शाबूत असेल तर दोन-चार वेळा असे केल्याने पुष्कळदा काम होते. कॉईल फिरवायची वेळ आलीच तर एटीएम कार्ड, घड्याळ आणि कॉम्प्युटरची हार्ड डिस्क दुसऱ्या खोलीत ठेवा. पेसमेकर असलेल्या माणसाने तिथे थांबू नये. एवढे करूनही डाग राहिला तर मानेवरच्या चुंबकी कड्या जुळवाव्या लागतात. पण मशीन पडून आतला पत्राच वाकला असेल तर इलाज नाही.

आणि मागचे झाकण घरच्या घरी उघडू नका. रंगीत ट्यूबला वीस हजारांहून जास्त व्होल्ट लागतात, आणि प्लग काढल्यावरही ती वीज काचेत साठून राहू शकते. या कड्यांना हात लावायचा तो ट्यूब डिस्चार्ज करता येणाऱ्या जुन्या माणसानेच. असा माणूस तुमच्या गावात अजून असेल तर त्याला पडदा दाखवा आणि त्याच्याकडून आधी लाल पडदा लावून घ्या. ट्यूब काढायची की ठेवायची, ते त्यानंतर ठरवा.