दुहेरी पाळी : नोकरदार आईचा भार कोणी वाहायचा?

सोलापूर हे पाळ्यांचे आणि भोंग्याचे शहर म्हणून ओळखले जात असे. 1877 साली येथे सुरू झालेली कापड गिरणी पुढे 'जुनी गिरणी' या नावाने सर्वांच्या तोंडी झाली. गिरण्या वाढल्या, त्यांच्याभोवती चाळी आणि पेठा वाढल्या, आणि शहराचा दिवस भोंग्यावर चालू लागला. आज त्या गिरण्या बंद पडल्या आहेत. गिरणीत भोंगा झाला की कामगाराची पाळी संपत असे. घरात मात्र असा भोंगा कधीच नव्हता. कारखान्यातून, शाळेतून किंवा बँकेतून परतलेल्या आईची दुसरी पाळी उंबरठ्यावरच सुरू होत असे, आणि आजही ती तेथेच सुरू होते.

शहराच्या दक्षिणेस, विजापूर रस्त्याच्या अंगाने वसलेल्या जुळे सोलापूरचा विचार केला, तर हा प्रश्न अधिक स्पष्ट होतो. मूळ शहराला जोड म्हणून वाढलेली ही वसाहत. येथील अनेक घरांत पती आणि पत्नी दोघेही नोकरी करतात. कोणी शिक्षिका, कोणी परिचारिका, कोणी बँकेत वा शासकीय कार्यालयात. जुन्या पेठेतील वाड्यात आजी, काकू, शेजारीण यांच्यापैकी कोणीतरी मुलाकडे पाहात असे. बंद दारांच्या सदनिकेत ती सोय राहिलेली नाही. त्यातच सोलापूरकरांनी वर्षानुवर्षे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येण्याची सवय करून घेतली. पाण्याच्या दिवशी घरी कोणी थांबायचे, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक घरांत न बोलताच ठरलेले असते.

अशा मातेला आपण सारे एकच सल्ला देत असतो : नोकरी, कुटुंब आणि स्वतःचे जीवन यांचा 'समतोल' साधावा. सल्ला ऐकायला गोड आहे. परंतु तराजूची दोन्ही पारडी एकाच व्यक्तीच्या हाती देऊन समतोल साध म्हणणे, हा न्याय नव्हे. म्हणून समतोलाच्या आधी भाराच्या वाटणीचा प्रश्न विचारला पाहिजे, असे आम्हांस वाटते.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने 2019 साली आणि पुन्हा 2024 साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. सहा वर्षांवरील व्यक्तींपैकी ज्यांनी घरातील विनावेतन कामे केली, त्यांत 2019 साली स्त्रियांनी दिवसाला सरासरी 299 मिनिटे आणि पुरुषांनी 97 मिनिटे दिली. 2024 साली हेच आकडे 289 आणि 88 असे होते. म्हणजे पाच वर्षांत स्त्रियांचा भार दहा मिनिटांनी कमी झाला, पण पुरुषांचा वाटाही नऊ मिनिटांनी घटला. अंतर सव्वातीन तासांहून अधिक होते, तेवढेच राहिले. मिक्सर, गॅस आणि वॉशिंग मशीन यांनी काम थोडे हलके केले असेल, पण कामाची वाटणी त्यांनी बदललेली नाही. यंत्र विकत घेता येते, वाटणी मात्र मनातूनच बदलावी लागते.

याच सोलापुरात नोकरदार आईचे एक दुसरे, अधिक कष्टाचे रूपही आहे, आणि त्याकडे पाठ फिरवून हा विषय पुरा होणार नाही. हजारो विडी कामगार स्त्रिया येथे पिढ्यान् पिढ्या काम करीत आल्या आहेत. कारखान्यातून तेंदूपाने आणि तंबाखू घरी आणायची, पाने कापायची, विड्या वळायच्या आणि मोजून परत द्यायच्या. मजुरी हजारी मोजली जाते. वरवर पाहता ही आई घरातच आहे, मुले तिच्या डोळ्यांसमोर आहेत. परंतु तान्हे बाळ मांडीवर आणि तंबाखूचे सूप पुढ्यात, याला घरी असणे म्हणावे काय? तिच्या घरात कामाची जागा आणि विसाव्याची जागा एकच झाली, तेव्हा विसावाच नाहीसा झाला.

या स्त्रियांनी निदान एक गोष्ट आपल्या संघटित बळावर मिळविली. कुंभारी येथे गोदूताई परुळेकर यांच्या नावाने विडी कामगार स्त्रियांसाठी दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, आणि 2006 साली तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते घरे सुपूर्द झाली. पुढे जानेवारी 2024 मध्ये कुंभारीच्याच रे नगर वसाहतीतील पंधरा हजार घरे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते विविध असंघटित कामगारांना देण्यात आली. हक्काचे छप्पर ही मोठीच गोष्ट होय. मात्र छपराखालील कामाची वाटणी कोणत्याही सरकारला चावीसोबत देता येत नाही.

आता कायद्याकडे वळू. 2017 सालच्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी सवेतन प्रसूती रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवडे झाली. पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर आवश्यक ठरले, आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाण्याची मुभा मिळाली. 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता अमलात आली असून या तरतुदी आता तिच्यात सामावल्या आहेत. या तरतुदींचे स्वागतच केले पाहिजे. परंतु दोन उणिवा नजरेआड करता येत नाहीत.

पहिली उणीव खर्चाची. कर्मचारी राज्य विम्याच्या छत्राखाली असलेल्या स्त्रिया सोडल्या, तर रजेच्या काळातील वेतनाचा भार मालकानेच उचलायचा आहे. साहजिकच लहान शाळा, लहान दवाखाना वा दुकान तरुण विवाहितेला नोकरी देताना मनातल्या मनात हिशोब करू लागते. जो कायदा तिला आधार द्यायला आला, तोच तिच्या वाटेत अडसर ठरण्याची भीती उभी राहते. हा प्रश्न नवा नाही. 28 जुलै 1928 रोजी मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रसूतीपूर्वी आणि नंतर मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे असे प्रतिपादन केले होते, आणि म्हणून हा भार बव्हंशी सरकारने सोसावा अशी भूमिका मांडली होती. पुढच्या वर्षी तो कायदा मुंबई प्रांतात झाला, पण पैसे देण्याची जबाबदारी मालकावरच राहिली. जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीचे ते म्हणणे आजही तितकेच लागू आहे. मूल हे केवळ एका आईचे वा एका मालकाचे नसते. ते साऱ्या समाजाचे असते, तर त्याच्या संगोपनाचा खर्चही समाजाने वाटून घ्यायला हवा.

दुसरी उणीव पित्याची. 2017 सालच्या दुरुस्तीत वडिलांच्या रजेचा उल्लेखही नव्हता. महाराष्ट्र शासनाने 2018 साली आपल्या महिला कर्मचाऱ्यांना संपूर्ण सेवाकाळात 180 दिवसांची बालसंगोपन रजा दिली. पुरुष कर्मचाऱ्यास ती केवळ पत्नी हयात नसल्यास वा असाध्य आजाराने ती अंथरुणास खिळली असल्यासच मिळते. शासनाचा हेतू निःसंशय चांगला होता. तथापि त्या शब्दांतून आपल्या समाजाची एक समजूत उघडी पडते : आई असेपर्यंत वडिलांना रजेची गरज काय?

ख्रिस्तसभेची शिकवण याविषयी काय सांगते? 'चर्चला बायका घरातच हव्या आहेत' असा एक समज आपल्यातही पसरलेला आहे. तो अपुरा आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1981 साली 'लाबोरेम एक्सर्चेन्स' या विश्वपत्रात श्रमाच्या प्रतिष्ठेचा विचार मांडला. मातेला मुलांच्या संगोपनासाठी नोकरी सोडावीशी वाटली तर दारिद्र्यापोटी तिच्यावर नोकरीची सक्ती होऊ नये, आणि ती नोकरी करीत असेल तर मातृत्वामुळे तिची गळचेपी वा पीछेहाट होऊ नये, असा त्याचा आशय आहे. त्यासाठी कुटुंबाला पुरेल असे वेतन हवे आणि कामाची रचनाच कुटुंबाला पोषक हवी. त्याच वर्षीच्या 'फामिलियारिस कोन्सोर्तियो' या पत्रात स्त्रीला सार्वजनिक जीवनात समान स्थान आहे हे सांगतानाच घरकामाच्या मोलाचाही पुरस्कार केला आहे. सारांश, सक्ती कोणत्याच बाजूची नको. घरी राहणाऱ्या मातेला कमी लेखू नये आणि कामाला जाणाऱ्या मातेच्या मनात अपराधाची भावना पेरू नये.

आपल्या वेदीवर मानाचे स्थान मिळालेल्या संतांतही नोकरदार माता आहेत. इटलीतील संत जिआन्ना बेरेत्ता मोल्ला या बालरोगतज्ज्ञ होत्या. 1955 साली विवाह झाल्यावर आणि मुले झाल्यावरही त्यांनी रुग्णसेवा सोडली नाही. चौथ्या अपत्याच्या जन्मानंतर 28 एप्रिल 1962 रोजी त्यांचे निधन झाले आणि 2004 साली त्यांना संतपद देण्यात आले. आपण त्यांच्या अंतिम त्यागाचे स्मरण करतो, ते योग्यच आहे. पण त्याआधीची त्यांची दवाखाना आणि घर यांच्यातील रोजची धावपळही पवित्र होती, हे सांगायला विसरतो.

याहून बोलके उदाहरण संत लुई आणि संत झेली मार्टिन यांचे. बाळ येशूच्या संत तेरेजा यांचे हे आईवडील. 2015 साली या दांपत्यास एकत्रच संतपद मिळाले. झेली फ्रान्समधील आलाँसाँ येथे लेस विणण्याचा व्यवसाय चालवीत. कारागीर स्त्रिया घरी विणकाम करून त्यांच्याकडे आणून देत. सोलापूरच्या विडी कामगार भगिनींना ही पद्धत अनोळखी वाटणार नाही. झेलीबाईंच्या पत्रांत या कामाने आलेला थकवा जागोजाग दिसतो, म्हणजे संतांनाही थकवा येतो. आणि 1870 साली लुई यांनी काय केले? स्वतःचे घड्याळाचे दुकान विकले आणि पत्नीच्या व्यवसायात ते मदतीला उभे राहिले. पत्नीच्या कामासाठी आपले काम सोडणारा पती ख्रिस्तसभेने आदर्श म्हणून आपल्यापुढे ठेवला आहे. आपल्या विवाहपूर्व शिबिरांत ही गोष्ट वरांना आवर्जून सांगितली जावी.

मग आपल्या धर्मग्रामांनी काय करावे? मोठ्या योजनांची वाट न पाहता काही गोष्टी आजही करता येतील. रविवारच्या मिस्सानंतर वा सायंकाळी सभा ठेवताना आधी विचारावे की या वेळी आईला येता येईल काय, आणि ती आली तर मुलांकडे कोण पाहील? सभागृहाच्या एका कोपऱ्यात दोन जाणत्या व्यक्तींनी तासभर मुले सांभाळली, तर कित्येक माता लघु ख्रिस्ती समूहाच्या बैठकीत निवांत बसू शकतील. त्या दोन व्यक्तींत एक पुरुष असावा. धर्मशिक्षणाच्या वर्गाला मुलांना पोचविण्याची, त्यांचा गृहपाठ घेण्याची जबाबदारी वडिलांकडे द्यावी. निवृत्त आजी-आजोबांच्या मदतीने पाळणाघर सुरू करता आले, तर त्याचे दार सर्व धर्मांच्या मातांना खुले ठेवावे.

याशिवाय आणखी एक गोष्ट थोडी अवघड आहे. आपल्या शाळा, दवाखाने आणि संस्था यांत मोठ्या संख्येने स्त्रिया काम करतात. तेथे आपण केवळ उपदेशक नसून मालकही असतो. भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने 2010 साली स्त्री-पुरुष समतेविषयीचे धोरण जाहीर केले. त्याची कसोटी कागदावर नव्हे, तर शिक्षिकेच्या रजेच्या अर्जावर लागते. कंत्राटी शिक्षिकेला, आयाबाईला, स्वयंपाकीणबाईला प्रसूतीच्या काळात आपण काय देतो, याचा हिशोब प्रत्येक संस्थेने स्वतःच मांडावा.

राहिला प्रश्न तिच्या स्वतःच्या जीवनाचा. नोकरी आणि घर यांच्या वाटणीत सर्वांत आधी बळी जातो तो तिच्या विसाव्याचा, वाचनाचा, मैत्रिणींच्या भेटीचा आणि प्रार्थनेचाही. मार्था आणि मरिया यांच्या घरी प्रभू आला, तेव्हा कामात बुडालेल्या मार्थेची तक्रार आपण अनेकदा ऐकली आहे, आणि तिला दोषही दिला आहे. पण स्वयंपाकघरात तिच्या मदतीला कोणी जाते, तर तीही प्रभूच्या चरणांशी बसली असती, हा विचार आपण क्वचितच करतो.

1 मे रोजी आपण महाराष्ट्र दिन, कामगार दिन आणि कामगार संत योसेफ यांचा सण एकत्र साजरा करतो. नाझरेथच्या घरात सुताराचे काम होते, मूल वाढविण्याचे कामही होते, आणि दोघांनी मिळून ते घर चालविले. आपल्या घरांतील प्रत्येक पित्याने त्या दिवसाची वाट न पाहता आजपासून एक तरी काम कायमचे आपले म्हणून उचलावे. 'मदत' म्हणून नव्हे, तर वाटा म्हणून. सोलापूरच्या आणि सर्वच ठिकाणच्या कष्टकरी मातांसाठी आपण प्रार्थना करूच. ती प्रार्थना आपल्या हातांतूनही व्यक्त व्हावी, एवढीच प्रभूचरणी विनंती.