गिअरबॉक्स उघडण्याआधी

गळिताचा हंगाम भरात आला की एक तक्रार हमखास कानावर येते : "ट्रॅक्टर ओढीना झालाय. मेस्त्री म्हणतो, गिअरबॉक्स गेला." मग भर हंगामात ट्रॅक्टर आठ-दहा दिवस मेस्त्रीच्या दारात. तोडलेला ऊस फडात वाळतो, वजन घटते, साखर घटते, टोळी बसून राहते आणि मालकाची उचल फिटायची ती अंगावर राहते. तेव्हा हा प्रश्न एकट्या ट्रॅक्टर-मालकाचा नाही, ज्याचा ऊस तुटला त्या सभासदाचाही आहे.

आमचे मत स्पष्ट आहे. जुन्या ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स नुसत्या अंदाजावर उघडू नये. दोष शोधायचा तो बाहेरून आत आणि स्वस्ताकडून महागाकडे. नाहीतर रोग रेड्याला नि औषध पखालीला, अशी गत होते.

आधी क्लचचा पेडल पाहा. त्याला पुस्तकात सांगितलेली मोकळी चाल आहे का? चाल उरली नसेल तर क्लच पुरता बसत नाही, प्लेट घसरून जळते. चाल फार असेल तर क्लच पुरता सुटत नाही, गिअर टाकताना करकरतो आणि लोक गिअरबॉक्सला दोष देतात. दोन्ही ठिकाणी पान्याने चाल जुळवली की पुष्कळदा काम भागते.

ट्रॉली सोडून, सपाट जागी, पुढेमागे कोणी नसताना ब्रेक पक्का लावा. वरच्या गिअरात टाकून क्लच हळूहळू सोडा. इंजिन बंद पडले तर क्लच धरतो आहे. चालूच राहिले तर घसरतो आहे. ही परीक्षा एकदाच करा, लांबवू नका. प्लेटला ऑईल लागले असेल तर नुसती प्लेट बदलून भागणार नाही, गळणारा ऑईल सीलही बदलावा.

आता आवाज. पी.टी.ओ. बंद आणि गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून पेडल दाबल्यावर आवाज आला तर बहुधा रिलीज बेअरिंग. दाबल्यावर आवाज थांबला तर गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचे बेअरिंग. फक्त वळणावर खडखडाट होत असेल तर डिफरन्शियल. शेवटी गरम असताना थोडे ऑईल काढून पाहा. दुधाळ दिसले तर पाणी शिरले आहे. लोखंडाचे तुकडे निघाले तर मात्र उघडावेच लागेल.

जुन्या गाडीला हे सारे अधिक लागू. एच.एम.टी.चा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ साली घेतला. ज्यांचे कारखानेच बंद झाले, अशा गाड्यांचे गिअर धुंडाळत फिरण्यापेक्षा आहे ते जपणे शहाणपणाचे.

आणि थोडे कडूही बोलले पाहिजे. ड्रायव्हर दिवसभर पेडलवर पाय टेकवून बसतो, डिफरन्शियल लॉक तसाच ठेवून वळतो, दोन ट्रॉल्या शिगोशीग भरून चढाला लावतो आणि उताराला डिझेल वाचवायला न्यूट्रल करतो. यात यंत्र तर मरतेच, पण उताराला गाडी हाताबाहेर गेली तर माणूसही जातो. एक खेप जास्त झाल्याचा आनंद दोन दिवसांचा, दुरुस्तीचे बिल वर्षाचे.

म्हणून आमची सूचना अशी की, वाहतुकीचा करार होताच, दसऱ्याच्या आत, प्रत्येक गट कार्यालयावर कारखान्याच्या वर्कशॉपने एक दिवस द्यावा. पेडल, ब्रेक, ऑईल, सील एवढे तपासून चिठ्ठी द्यावी. ट्रॅक्टरमालकांनीही कमीपणा न मानता गाडी आणावी, आणि ड्रायव्हरला बरोबर आणावे. बैल जुंपण्याआधी त्याचे खूर पाहणारी आपली माणसे. लोखंडाच्या बैलाला तेवढी तरी माया दाखवू या.